युद्धानंतरच्या देशात स्त्रियांना न्याय मिळावा म्हणून नेमकं काय उपयोगी पडतं? नुसते कायदे पुरतात का?

नाही पुरत. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचंच बघा. 2003 मध्ये यादवी संपली. त्याच वर्षी, पारंपरिक पद्धतीने लग्न झालेल्या स्त्रीलाही नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा झाला. 2006 पासून बलात्काराचा कायदा कडक झाला. पुढे लैंगिक गुन्ह्यांसाठी राजधानी मनरोव्हियात वेगळं न्यायालय आलं, ‘क्रिमिनल कोर्ट ई’. कागदावर सगळं चोख.

पण खेड्यातल्या बाईला राजधानीतल्या कोर्टाचा काय उपयोग? पावसाळ्यात तिकडचे रस्ते चिखलात जातात, प्रवासाचा खर्च तिचाच, साक्षीदार आणायचे तेही तिनेच, आणि तारीख पुढे पडली की सगळं पुन्हा. खटला रखडला की आरोपीचं घर आणि गावातली वडीलधारी मंडळी ‘आपसात मिटवा’ म्हणून मागे लागतात. माझ्या मते खरी गळती इथेच होते.

म्हणून मला तिथली गावोगाव फिरणारी कायदा सल्लागार माणसं जास्त मोलाची वाटतात. ती वकील नसतात. मोफत सल्ला देतात, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा पोटगीचा तंटा गावातच सोडवून देतात. गंभीर गुन्हा मात्र पोलिसांकडेच जायला हवा.

पोलिसांत बायका असणंही महत्त्वाचं. यात आपला संबंध येतो: 2007 ते 2016 भारताच्या सीआरपीएफची महिला तुकडी संयुक्त राष्ट्रांतर्फे तिथे होती. त्या काळात लायबेरियाच्या पोलीस दलातल्या स्त्रियाही वाढल्या; श्रेय एकट्या तुकडीचं नाही, भरतीचे खास प्रयत्नही झाले होते.