ऑइल पेंटची ट्यूब कोणी शोधली, आणि त्याआधी रंग कशात ठेवायचे?

जॉन गॉफ रँड, अमेरिकन पोर्ट्रेट पेंटर, लंडनमध्ये राहायचा, 1841 ला त्याने पेटंट घेतलं. त्याआधी काय असायचं तर डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्या (हो, खरंच!), त्यात घोटलेला रंग भरून दोऱ्याने तोंड बांधायचं, लागेल तेव्हा टाचणीने भोक पाडून पिळायचं, मग ते भोक काही नीट बंद व्हायचं नाही आणि रंग सुकायचा नाहीतर पिशवीच फुटायची. रँडची ट्यूब कथलाची, दाबली की तशीच चपटी राहते, म्हणजे आत हवा शिरत नाही. विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या कंपनीने लगेच अशा ट्यूबा विकायला काढल्या, सुरुवातीला महागच होत्या. पुढे मोने वगैरे फ्रेंच चित्रकार मंडळी उघड्यावर बसून रंगवायची त्यात या ट्यूबचा मोठा हात आहे. टूथपेस्ट ट्यूबमध्ये आली ती नंतर बरं का!