थीम पार्कची सहल : निघण्याआधी एवढं विचारून घ्या

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले आणि दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या ओपीडीत हैदराबाद आणि खोपोली ही नावं ऐकू येऊ लागतात. कुणी रामोजी फिल्म सिटीला निघालेलं असतं, कुणी वंडरलाला, कुणी इमॅजिकाला. जा, लेकरांना जरूर दाखवा. मी मुलांचा डॉक्टर, हॉटेल-तिकिटाचं मला विचारू नका. पण तब्येतीच्या त्याच त्या शंका दर वर्षी येतात, म्हणून काही प्रश्न इथे घेतो.

मुलगा सात वर्षांचा आहे. मोठ्या राइडमध्ये बसू देतील का? (एक पालक, पोंभुर्णा)

तिथे वयापेक्षा उंची बघतात. घरीच भिंतीला उभा करून मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची मर्यादा पाहा. जाड तळव्याचे बूट घालून उंची भरवू नका. अंगावरचा बार त्या उंचीच्या माणसाला घट्ट बसेल असा केलेला असतो, बुटक्या मुलाला तो धरून ठेवत नाही.

सुनेला पाचवा महिना आहे. एखादी साधी राइड चालेल?

धक्का देणारी एकही नाही. प्रवासाला जावं की नाही, हेसुद्धा तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वडिलांना स्टेंट टाकला आहे. बीपीच्या गोळीने सारखं लघवीला जावं लागतं, म्हणून सहलीच्या दिवशी ती घेऊ नये असं सांगतात. खरं का?

कोण सांगतं? गोळी एक दिवसही चुकवायची नाही. त्रास होत असेल तर वेळ बदलता येते का, ते तुमचे फिजिशियन सांगतील. रोलर कोस्टर बाबांसाठी नाही. रामोजी फिल्म सिटीचा पसारा सोळाशे एकरांहून मोठा आहे, बसने फिरवतात तरी चालणं पुष्कळ होतं. तेवढं झेपेल का, हेही त्यांनाच विचारा.

मुलीला गाडी लागते. मनगटात घालायचा चुंबकाचा पट्टा मिळतो, तो घेऊ का?

पैसे वाचवा. निघताना हलकं खायला द्या, पुढे बघत बसवा, हातातला मोबाइल काढून घ्या. पुण्याकडून खोपोलीला उतरताना खंडाळ्याचा घाट लागतो, तिथे खिडकी उघडा. गोळी असते, पण तिने झोप येते आणि डोस वजनावर ठरतो. शेजारच्या मुलाची उरलेली गोळी देऊ नका, दाखवून घ्या.

मुलाची सिकलसेलची टेस्ट शाळेत पॉझिटिव्ह आली होती. तो चांगला खेळतो. वॉटर पार्कमध्ये नेलं तर चालेल ना? परवा निघतोय. (एक आई, कुरखेडा)

ताई, परवा निघताय आणि आज विचारताय, याचंच मला वाईट वाटतं. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा सगळं घर मोबाइल घेऊन बसतं. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे एक चक्कर मारली असती तर?

सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा, आई-वडिलांकडून येणारा आजार. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात होते ती बहुधा सोल्युबिलिटी टेस्ट. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. मुलगा नुसता वाहक आहे, म्हणजे ‘एएस’, की त्याला आजार आहे, म्हणजे ‘एसएस’, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी केल्यावरच ठरतं. अनेक घरांत पहिला कागद पेटीत पडून राहतो आणि दुसरी तपासणी होतच नाही. मग कुणी वाहक मुलाला जन्मभर आजारी समजून घरात बसवतं, तर कुणी एसएस असलेल्या मुलाला ‘खेळतो तर आहे’ म्हणून थंड पाण्यात सोडतं. दोन्ही मुलांचं नुकसानच.

वाहक मूल सहसा नेहमीसारखं फिरू शकतं. फक्त उन्हात दमताना पाणी भरपूर पाहिजे. एसएस असेल तर गोष्ट वेगळी. शरीरातलं पाणी कमी झालं, अंग एकदम गार पडलं किंवा दमणूक झाली, की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. आता वॉटर पार्कचा दिवस बघा. आदल्या रात्री प्रवासात ‘पाणी कमी पी, गाडी थांबवावी लागते’ असं आपणच लेकराला बजावतो. सकाळी तासभर रांग. मग गार पाणी, बाहेर आलं की ओल्या अंगावर वारा, पुन्हा जिन्याने वर. रात्री लॉजवर मूल मांड्या धरून रडतं आणि घरचे ‘चालून चालून पाय दुखत असतील’ म्हणून तेल चोळत बसतात.

आपल्याकडच्या एसएस मुलांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, बरेचदा वाढलेली असते. म्हणून जाण्याआधी पोट तपासून घ्या. वाढलेली असेल तर आपटणाऱ्या गाड्या आणि पोटावर बार दाबणाऱ्या राइड नकोत. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर सहलीतही रोज द्यायचं, औषधांची पिशवी हातातल्या बॅगेत ठेवा. 101 च्या वर ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, पोट फुगणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, मोठं हॉस्पिटल गाठा आणि दारातच ‘सिकलसेल’ म्हणून सांगा. अंगारा, उतारा, कावीळ उतरवणारा माणूस यांत रात्र घालवू नका. डोळे पिवळे दिसतात ते पेशी फुटल्यामुळे.

2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, आरोग्य केंद्रात जाऊन पुढच्या तपासणीचं विचारा. तुमच्या मुलाचं म्हणाल, तर एएस की एसएस हे कळेपर्यंत पाण्यात उतरवू नका. उद्या सकाळी कागद घेऊन या.

रांगेत द्यायला मेडिकलमधून ‘ओआरएस’चा गोड पॅक घेतला तर?

रंगीत डब्यातलं ते सरबत म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली, तीही मुलांच्या एका डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर. जास्त साखरेने जुलाब वाढतात. पुडीच घ्या आणि तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घोळा. जुलाब नसतील तर साधं पाणी पुरतं.

धाकट्याला कालपासून थंडी वाजून ताप आहे. तिकिटं काढलेली आहेत. औषध देऊन नेऊ का? (एक वडील, धानोरा)

नेऊ नका. गडचिरोलीत थंडीताप म्हणजे आधी मलेरियाची तपासणी, तीही आजच. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर होते. परत आल्यावर ताप आला तरी हेच करा. आणि हैदराबादेत असताना आला, तर आम्ही गडचिरोलीहून आलोय हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.