निधी मागायला जाण्याआधी

ताई, सरपंच झालात, मनापासून अभिनंदन. आता आसपासची सगळी गावं विकासकामांच्या त्याच निधीसाठी जिल्हा परिषदेचे उंबरठे झिजवताना दिसतील. तुम्ही आधी घरचे कागद नीट करा.

मागणी अर्जांचे ढीग पडलेले असतात. पुढे सरकतो तो जागेचा उतारा, ग्रामसभेचा ठराव आणि शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक जोडलेला प्रस्ताव. ठरावात ‘पाण्याची सोय व्हावी’ एवढंच लिहून भागत नाही. कोणती वस्ती, घरं किती, विहीर जमिनीच्या कोणत्या गट नंबरात, उन्हाळ्यात टँकर किती महिने लागतो, सगळं येऊ द्या. मराठवाड्यात टँकर मागणारं आपलं एकटं गाव नाही. गट नंबर चुकला की फाईल परत येते, अन् तोवर मार्च उलटतो.

काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात हवंच. बंधित निधीतून, म्हणजे ठरावीक कामांनाच बांधलेल्या पैशातून, रस्ता मागू नका. 15व्या वित्त आयोगानं 2021-26 साठी 60 टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलं होतं.

करवसुलीकडं मात्र जीव लावून बघा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यानं पूर्ण कर भरणाऱ्यांना दळण मोफत केलं, लोक आपणहून भरू लागले. स्वतःचा पैसा उभा करणाऱ्या गावाचा शब्द वजनदार ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

ग्रामसभेला बायकांना आवर्जून बोलवा. हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. ठराव त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचून घ्या, मगच सही करा.