आहार-शंका : बीटचा रस रोज, तरी हिमोग्लोबिन कमीच?

प्रश्न : माझ्या 17 वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन 9.6 आले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. ती रोज सकाळी बीटचा रस पिते, रात्री दुधात भिजवलेले खजूर खाते आणि पालकाची भाजीही घरात वरचेवर होते. तरी आकडा हलत नाही. आणखी काय द्यावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : आणखी काही देण्याआधी जे देत आहात तेच तपासून पाहू. बीटचा लाल रंग त्यातील रंगद्रव्याचा असतो, लोहाचा नव्हे. 100 ग्रॅम बीटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर प्रौढ स्त्रीची रोजची गरज आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 29 मिलिग्रॅम ठरवली आहे. पालकात लोह त्याहून बरे असले, तरी त्यातील ऑक्झलेट आणि इतर घटकांमुळे त्याचा थोडाच भाग अंगी लागतो. खजूर दुधाबरोबर दिल्याने दुधातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवे येते, म्हणून तो जोडही सोडावा.

शाकाहारातले लोह शरीर मुळात कमी शोषते, त्यामुळे ताटात किती लोह आहे यापेक्षा त्याच्या सोबतीला काय आहे, हे मी अधिक महत्त्वाचे मानते. आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळायची रीत उत्तमच आहे, कारण क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. पण त्याच बशीशेजारी चहाचा कप आला की त्यातील टॅनिन ते काम बरेचसे बिघडवते. म्हणून चहा जेवणाच्या किंवा नाश्त्याच्या आधी-नंतर किमान एक तास दूर ठेवावा. लिंबू मात्र पदार्थ गॅसवरून उतरवल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते. जेवणासोबत पेरूची फोड किंवा कच्चा आवळा असला तरी चालेल.

आता पदार्थांकडे येऊ. बाजरीची भाकरी, राजगिऱ्याचा पाला, तीळ आणि कारळ्याची चटणी यांत लोह चांगले असते आणि हे सारे आपल्या भागात सहज मिळते. मटकी व कुळीथ भिजवून मोड आणले की लोहाला धरून ठेवणारे फायटेट कमी होते, म्हणून उसळ मोडांचीच करावी. अळिवाचे लाडू केवळ बाळंतिणीसाठी राखून ठेवण्याचे काहीच कारण नाही. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओले खोबरे व गूळ घालून केलेला छोटा लाडू मुलीलाही रोज देता येतो. चिंच-आमसुलाची आमटी लोखंडी कढईत केली तर लोह थोडे वाढते, मात्र शिजताच ती दुसऱ्या भांड्यात काढावी.

असे असले तरी 17 वर्षांच्या मुलीसाठी 12 च्या खालचे हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षयच, आणि 9.6 वर केवळ आहारावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. पाळीतील अतिरक्तस्राव, जंत किंवा थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करावी. लोहाची गोळी सुरू झाल्यास ती लिंबूपाण्यासोबत द्यावी. कॅल्शियमची गोळी असेल तर दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. आकडा वर आला म्हणून गोळी लगेच बंद करू नये, कारण शरीरातील साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.

प्रश्न : इडली, ढोकळा अशा आंबवलेल्या पदार्थांतून बी-12 मिळते, असे ऐकले. सासूबाईंच्या पायांना मुंग्या येतात, म्हणून विचारते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यावर विसंबता येत नाही. शाकाहारात बी-12 चा भरवशाचा स्रोत म्हणजे दूध, दही, ताक व पनीर, आणि वाढत्या वयात शोषण मंदावल्याने तेही अनेकदा पुरत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बराच काळ घेणाऱ्यांत कमतरता अधिक दिसते. मुंग्या येतात म्हणजे नसांवर परिणाम सुरू झालेला असू शकतो, तेव्हा सासूबाईंची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या. तोवर स्वतःहून फॉलिक आम्लाच्या गोळ्या देऊ नका, कारण त्यांनी रक्तातला दोष झाकला जातो आणि नसांची हानी मात्र चालूच राहते.