खुब्यात इंजेक्शन घ्यायचं, पण कोणतं?

प्रश्न: डॉक्टर, आईला ६४ वर्षं पूर्ण झालीत, खुब्याचा सांधा झिजलाय, जांघेत दुखतं आणि मोजे घालायलाही वाकता येत नाही. एकजण स्टेरॉइड म्हणतात, दुसरे वंगणाचं इंजेक्शन, तिसरे पीआरपी. शुगर आहे म्हणून स्टेरॉइडची भीती वाटते. काय करू?

उत्तर: ताई, तिघांपैकी स्टेरॉइडच्या मागे पुरावा जास्त आहे, म्हणून मी आधी त्याचाच विचार करेन. पण ते झीज भरून काढत नाही, आतली सूज आणि दुखणं काही आठवडे, कधी दोन-तीन महिने कमी करतं, आणि सगळ्यांनाच सारखा गुण येतो असंही नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास छापून आला, त्यात स्टेरॉइड आणि भूल देणारं औषध मिळालेल्यांचं दुखणं नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा कमी झालं, पण नुसतं भूलीचं औषध टोचलेल्यांपेक्षा ठळक फरक दिसला नाही, म्हणजे हा गुण नक्की स्टेरॉइडचाच होता का हे त्यातून ठरत नाही.

वंगण म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिड. नाव ऐकून सांध्यात तेल घातल्यासारखं वाटतं ना, पण खुब्यासाठी ते घेऊ नका असंच अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी या सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये ठामपणे लिहिलंय. पीआरपीलाही त्यांचा नकारच आहे. त्यात आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वापरतात, पण बनवायची पद्धत जागोजागी वेगळी, त्यामुळे एकाला दिलेलं आणि दुसऱ्याला दिलेलं सारखंच असेल असं नाही. कोणी "कार्टिलेज (म्हणजे सांध्यातली झिजलेली गादी) पुन्हा वाढेल" असं सांगून ते घ्यायला लावत असेल तर मला खरंच काळजी वाटते, घाई करू नका.

शुगर आहे म्हणून स्टेरॉइड बंदच असं नाही, पण इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढू शकते, तेव्हा आधीच डॉक्टरांशी बोलून औषधं ठरवा आणि घरी रोज तपासा. आणि हो, खुबा खूप खोल असतो, गुडघ्यासारखा हाताला लागत नाही, त्यामुळे सोनोग्राफी किंवा एक्स-रे बघतच सुई घाला असा आग्रह धरा. दुखणं कमी झालं की लगेच फिजिओथेरपीचे व्यायाम सुरू करा, तीच वेळ खरी कामाची असते.

सांधा बदलायचं ऑपरेशन ठरत असेल तर आधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन नको, इन्फेक्शनचा धोका वाढतो. आणि टोचल्यावर ताप आला किंवा पायावर भारच देता येईना, तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.