वाचकांचे प्रश्न : मोबाईलशिवाय घास नाही

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय ती घास घेत नाही आणि मोबाईल काढून घेतला की आकांडतांडव करते. मी घरूनच नोकरीचे काम करते, त्यामुळे सासूबाई तिला भरवतात. महागडी शैक्षणिक खेळणी आणली, पण ती कोपऱ्यात पडून आहेत. काय करावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, आणि त्यांची हालचाल, धावपळ किमान तीन तास व्हावी. मात्र मिनिटे मोजण्याआधी तो तास दिवसात कुठे खर्च होतो, हे पाहावे. माझ्या मते तो जेवणावर तर मुळीच खर्च करू नये, कारण पडद्यात गुंगलेल्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. त्यापेक्षा आपली महत्त्वाची मीटिंग असेल, तेव्हा तो निःसंकोच वापरावा. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. एक संपला की दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करावी. ज्याला शेवटच नाही, ते मुलाने आपणहून थांबवावे ही अपेक्षा गैर आहे. गोष्ट निवडून लावली आणि ‘ही संपली की बंद’ असे आधीच सांगितले, तर रडारड हळूहळू कमी होते.

खेळण्यांची चिंता करू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, ज्या बालवाड्या उभ्या केल्या, त्यांत परिसरातलीच साधने वापरली. आपल्या स्वयंपाकघरात तर ती भरपूर आहेत. मटाराची शेंग अंगठ्याने दाबून फोडणे, दाणे वाटीत पाडणे, मधूनच एखादा तोंडात टाकणे यात चार वर्षांच्या मुलीचा बराच वेळ जातो आणि बोटांना चांगला व्यायाम होतो. कणकेचा गोळा आणि छोटे लाटणे द्यावे. पोळी नकाशासारखी झाली तरी तीच तिला भाजून वाढावी, म्हणजे ताटाशी बसायला तिला कारण मिळते. (पसारा होणारच, त्यासाठी खाली जुनी चादर अंथरावी.) घरात तिच्याहून लहान मूल असेल, तर मात्र दाणे, मणी, चिंचोके त्याच्या हाती लागू देऊ नयेत.

सासूबाईंना ‘मोबाईल देऊ नका’ एवढेच सांगितले, तर घरात धुसफूस होईल. त्याऐवजी भाजी निवडायला नातीला सोबत घ्यायची विनंती करावी, आणि भरवणे थांबवून तिला आपल्या हाताने जेवू द्यावे. सुरुवातीला ती कमी जेवेल; निरोगी मुलाला त्याने अपाय होत नाही. वजन घटू लागले, किंवा हाक मारूनही ती लक्ष देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावे.