कळा सुरू झाल्यावर आणि बाळ झाल्यावर नेमकं काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की पत्नीचं पहिलं बाळंतपण इंदूरलाच होणार, घरात मोठं कुणी नाही, तर धोका ओळखायचा कसा. मी इथे बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते, म्हणून लिहिते.

पहिलटकरणीला वेळ लागतो. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघा. पण पाणी हिरवट गेलं, लाल रक्त वाहू लागलं, बाळाची हालचाल मंदावली, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघू नका. डोकं ठणकणं हे बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं. त्यात झटके आले तर दोघांच्या जिवावर बेततं. पाण्याबरोबर नाळ बाहेर आली तर ती आत ढकलू नका. तिला गुडघ्यांवर ओणवं करून कंबर उंच ठेवा आणि १०८ला फोन लावा.

मला कळकळीने सांगायचंय ते मात्र पुढचं. बाळ रडलं की सगळं घर बाळाभोवती, फोटो, पेढे, रामबागेतल्या आत्याला फोन. आणि त्याच तासा-दोन तासांत बाळंतिणीला सर्वांत जपावं लागतं. वार (प्लॅसेंटा) पडल्यावर गर्भाची पिशवी आवळली नाही तर वारेच्या जागेतून रक्त जातच राहतं. अर्धा लिटर गेलं की ते जास्तच. म्हणून बाळ होताच पिशवी आवळायला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. दिलं का, हे बेधडक विचारा. तरीही रक्त थांबेना तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध देतात, पण तेही बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत.

तेव्हा एक माणूस फक्त तिच्यापाशी बसवा. पांघरूण सारून पॅड बघत राहायचं, कारण रक्त पाठीखाली साचतं आणि वरून काही कळत नाही. बेंबीखाली पिशवी नारळासारखी कडक लागते ना, हे सिस्टरकडून तपासून घ्या. पॅड भराभर भिजतंय, तिला गरगरतंय, घाम फुटलाय, तर हाक मारा. कुणी आलं नाही तर पुन्हा मारा, ओरडा. लघवी तुंबली तरी पिशवी नीट आवळत नाही, हे घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. तिला वेळेवर लघवी होतेय ना, तेही बघा.

रक्तगट आजच फाइलवर लिहा. निगेटिव्ह असेल तर त्याच गटाचे दोघे-तिघे रक्तदाते सांगून ठेवा. नर्सिंग होम लहान असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा: रात्री रक्त लागलं तर कुठून आणता, आणि एमवाय किंवा एमटीएच या इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत हलवावं लागलं तर तिच्यासोबत तुमच्याकडचं कोण जाईल?